सहाशे फोटो, पण नाव एकीचंही नाही

पत्र: मी ऐरोलीत राहते, वय २८, खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातले चौदा जण नेपाळमध्ये तानसेनजवळच्या एका गावात दहा दिवस सेवेला गेलो होतो. रोज तीन कार्यक्रम असायचे: मुलांची गाणी आणि नाटुकलं, महिलांची सभा, रात्री प्रार्थना. परत आल्यावर लक्षात आलं की मोबाइलमध्ये सहाशे फोटो आहेत, पण त्यातल्या एकाही बाईचं नाव मला ठाऊक नाही. शेवटच्या दिवशी एक आजी माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती. गाडीचा हॉर्न वाजला आणि मी हात सोडवून घेतला. या नोव्हेंबरात पुन्हा तिथंच जायचं आहे आणि पाळकसाहेबांनी कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे दिलंय. या वेळी माणसं खरोखर भेटावीत म्हणून काय करू? बीपीचं मशीन सोबत न्यावं का? – एक भगिनी, ऐरोली

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

आधी मशीनचं बोलू, कारण तिथं उत्तर सरळ आहे: नेऊ नका. परदेशी डॉक्टर-परिचारिकांना नेपाळमध्ये रुग्णसेवा करायची तर तिथल्या मेडिकल कौन्सिलची, नर्सिंग कौन्सिलची परवानगी आधी काढावी लागते. ती नसताना चर्चच्या ओट्यावर बसून गोळ्या दिल्या, तर त्याचा जाब तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीला द्यावा लागतो. तुम्ही तोवर कल्याणला उतरलेल्या असता. शिवाय मशीन काढलं की रांग लागते. रांगेतल्या बाईच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, त्यातली दोन तुम्ही काट्याकडे बघण्यात घालवता, आणि आकडा १७० आला तरी रोजची गोळी नि महिन्याची तपासणी यांची सोय तुम्ही दहा दिवसांत लावू शकत नाही. तुमचं शिक्षण वेगळ्या रीतीनं कामी येईल. एखादीचे पाय सुजलेले आहेत, चढ चढताना दम लागतोय, हे तुमच्या नजरेला पटकन दिसेल. तिला दवाखान्यात जायला तयार करा, सोबत घरातलं कोण जाईल ते ठरवून घ्या. तानसेनमध्ये मिशन हॉस्पिटल आहेच. ते १९५४ साली सुरू झालं. ते उभं करणारी ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नागपुरात स्थापन झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

आता वेळापत्रक. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. दहा दिवसांतले जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन वजा करा: कल्याण-गोरखपूर गाडी, तिथून सुनौलीची हद्द, मग भैरहवा, बुटवल आणि घाट चढून तानसेन. हाती सहा दिवस उरतात. सहा दिवसांत अठरा कार्यक्रम घेतले, तर तुमचे चौदा जण सतत काहीतरी मांडत, आवरत किंवा पुढच्याची तालीम करत राहणार. गावकरी समोर बसलेले असतात, तुम्ही पुढं उभ्या असता. त्या अंतरावरून नाव विचारायची वेळच येत नाही. म्हणून दिवसाला एकच कार्यक्रम ठेवा, आणि तोही तिथल्या मंडळीनं मागितलेला. इथून नाटुकलं बसवून नेण्याआधी तिथल्या पाळकांना फोन करा आणि विचारा, “या दिवसांत तुमचं काय काय चालू असेल, आणि आम्ही त्यात कुठं बसू?”

नोव्हेंबरात तिथं चालू असते भातकापणी. सोबत कोदोची कापणीही, म्हणजे आपली नाचणी. बायका दिवसभर शेतात असतात. दुपारी दोनला महिलांची सभा ठेवली तर ज्या येतील त्या काम टाकून, पाहुण्यांचा मान राखायला येतील. कदाचित गेल्या वर्षीही तसंच झालं असेल. त्यांचा दिवस समजून घ्या: पहाटे चहा, नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भाताचं पहिलं जेवण, मग काम, संध्याकाळी दुसरं जेवण. शाळा साधारण दहा ते चार, शुक्रवारी लवकर सुटते, शनिवारी सुट्टी. उपासनाही शनिवारी. तेव्हा मुलांचा कार्यक्रम शुक्रवारी दुपारी घ्या आणि बाकीचे दिवस मोकळे सोडा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे आणि त्या दिवसांत सव्वापाचच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो. तानसेनची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास असल्याने थंडी लगेच अंगात शिरते. घरी जायची वेळ म्हणून तीन ते पाच एवढीच खरी. तारखा ठरवताना तिहारही बघा. आपल्या दिवाळीच्याच दिवसांत त्यांचा तिहार असतो, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात आणि त्या आठवड्यात विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, कुटुंबं सणाचे विधी पाळतात का याकडे भाऊबंदांचा डोळा असतो. तो आठवडा टाळा.

चौदा जणांनी एका घरात शिरणं बंद करा. अंगणात चौदा माणसं आली की घरातली बाई चुलीपाशी जाते आणि तुम्ही जाईपर्यंत तिथंच राहते. दोघा-दोघांच्या जोड्या करा. बायकांच्या जोडीत दोघीही बायकाच. एका वेळी जोड्या तितक्याच बाहेर काढा, जितके स्थानिक सोबती मिळतील. समजा तीन मिळाले, तर तीन जोड्या; बाकीचे त्या दिवशी स्वयंपाकात किंवा शेतात. एका दुपारी दोन घरं, अशा चार दुपारी. म्हणजे एका जोडीच्या आठ भेटी होतात. या आठ भेटींत आठ घरं घेऊ नका. चारच घरं घ्या आणि प्रत्येक घरी दोनदा जा. हा सल्ला तुमच्या टीमला सर्वांत जड जाईल, कारण परतल्यावर अहवालात घरांचा आकडा लहान दिसतो. पण पहिल्या भेटीत तुम्ही पाहुण्या असता: खुर्ची पुढं होते, चहा येतो, औपचारिक बोलणं होतं. दुसऱ्यांदा गेलात की घरातली बाई हातातलं काम थांबवत नाही, बोलता बोलता शेंगा सोलत राहते, आणि माणूस काम करताना जे सांगतो ते तो खुर्चीत बसून सांगत नाही. दोन भेटींमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. कोणत्या घरी जायचं ते पाळकांच्या पत्नीला विचारा. कुणाला माणसांची गरज आहे आणि कुणाला तूर्त एकटं सोडावं, हे त्यांना पाळकांपेक्षाही नेमकं माहीत असतं.

हॉर्नचा प्रश्न असा सोडवा. निघण्याच्या दिवशी सकाळी एकही कार्यक्रम नको. गाडी दहाला निघणार असेल तर सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवा आणि सात ते साडेनऊ हा वेळ फक्त निरोपासाठी राखा. चालकालाही आदल्या दिवशीच सांगा की हॉर्न वाजवायचा नाही, कुणीतरी चालत येऊन बोलावेल. निरोपाला तिथं वेळ लागतो. बायका फुलं आणतात, टिफिनसाठी काहीतरी बांधून देतात, आणि मनात राहिलेली गोष्ट नेमकी तेव्हाच ओठांवर येते.

शेतात गेलात तर विळा हातात घेऊ नका. सवय नसलेल्या हाताची बोटं कापली जातात आणि मग दोघा-तिघांना कापणी सोडून तुमच्यामागं दवाखान्यात धावावं लागतं. पेंढ्या उचलणं, एका जागी रचणं, पाणी नेणं, मुलं सांभाळणं ही कामं मागा. डोको म्हणजे पाठीवरची टोपली. तिचा नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावर येतो आणि सगळं वजन मानेवर. हौसेनं भरलेला डोको उचलू नका, मान धरली की पुढचे दिवस गेले. संध्याकाळी भांडी घासायला बसा. यजमानीण दोनदा नको म्हणेल, तिसऱ्यांदा राख पुढं करेल. त्या नळापाशी किंवा धाऱ्यापाशी, म्हणजे गावच्या पाणवठ्यापाशी, शेजारच्या बायकाही येतात, आणि तिथं तुम्ही ‘इंडियाहून आलेली टीम’ नसता. सगळ्या प्रवासात तुम्हाला घेणाऱ्याच्या जागी बसता आलं पाहिजे: त्यांच्याकडून काम शिकणं, भाषा शिकणं, त्यांचं खाणं. देणाऱ्यासमोर माणसं आभार मानतात आणि गप्प होतात. शिकणाऱ्याशी मात्र ती बोलत राहतात.

भाषेची तुम्हाला मोठी सोय आहे. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे भजनाचं पुस्तक हातात आलं की तुम्ही पहिल्या दिवसापासून सोबत गाऊ शकता. अर्थ मागाहून विचारा. भेटल्यावर ‘जय मसीह’ म्हणतात, हात मिळवून किंवा जोडून. मोठ्या बाईला दिदी, त्याहून मोठीला आमा, पुरुषाला दाइ किंवा बुवा, लहानांना भाइ-बहिनी. बोलताना ‘तपाईं’, म्हणजे ‘आपण’, म्हणा. ‘तिमी’ आणि ‘तँ’ ही ‘तू’ची रूपं तुमच्या तोंडून नकोत, तिथल्या लहान मुलांकडून ऐकून चुकून उचलले जातात. ‘अलिकति’ म्हणजे थोडंसं, ‘पुग्यो’ म्हणजे पुरे, ‘मीठो छ’ म्हणजे छान झालंय, ‘बिस्तारै’ म्हणजे सावकाश. एवढ्या चार शब्दांवर जेवणाची पंगत निभते. हिंदी बऱ्याच जणांना कळते, पण ती कळणारच असं धरून मोठ्यानं बोलत सुटू नका. आधी तोडकी नेपाळी, मग परवानगी घेऊन हिंदी. द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं, डावा हात उजव्या कोपराला लावून. उष्ट्याचा विचार तिथंही कडक आहे: चाखलेला घास किंवा तोंड लावलेली बाटली दुसऱ्यापुढं करायची नाही. स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारायचं. चर्चमध्ये चपला बाहेर, बसायचं जमिनीवर, आणि बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या.

दुभाषी घेऊन बसलात तर चार गोष्टी सांभाळा. बाईशी बोलायला बाईच दुभाषी हवी. घरातलं मूल कधीच दुभाषी नको, कारण आई मुलासमोर दुखणं सांगत नाही आणि सांगितलं तर ते ओझं मुलाच्या डोक्यावर बसतं. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, दहा-बारा शब्दांचं. म्हणी आणि विनोद वगळा. आणि नजर दुभाषीकडे नको, आमाच्या चेहऱ्याकडे असू द्या. तासाभरानं दुभाषी थकते आणि दोन वाक्यांचं एक करू लागते. तिथं थांबा.

काय विचारावं? “घरात कोण कोण असतं?” हा प्रश्न चालतो. “नवरा काय करतो?” हा पहिल्या भेटीत नको. अनेक घरांतले पुरुष आखातात, मलेशियात किंवा भारतात असतात, काहींचा वर्षानुवर्षं पत्ता नसतो, काही वारलेले असतात. वयस्कर विश्वासणाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: “तुम्ही प्रभूकडे कशा आलात?” आणि मग स्वतःची साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाची हकिकत, मध्ये घालू नका. १९५१ पूर्वी त्या देशात ख्रिस्ती मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता. नेपाळी भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, १९१४ साली दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांनी पुरं केलं आणि ते देशाबाहेरच छापलं गेलं. १९६० च्या सुमारास तर बाप्तिस्म्याच्या कारणावरून तानसेनमध्येच पाळक आणि विश्वासणारे तुरुंगात गेले. वाळीत टाकलं जाणं, जमिनीचा वाटा नाकारला जाणं, माणूस गेल्यावर पुरायला जागा न मिळणं, यातलं काही ना काही बहुतेक जुन्या घरांनी सोसलेलं असतं. आपल्या तरुणांनी त्यांना विश्वास शिकवायला उभं राहण्याआधी हे बसून ऐकावं. आमच्या मते तुमच्या दहा दिवसांतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

कायद्याविषयी टीमला लेखी सूचना द्या. नेपाळच्या संविधानात आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये धर्मांतर करवण्याला बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. परदेशी नागरिकांना अटक झाल्याच्या घटना आहेत. म्हणून रस्त्यात पत्रकं वाटायची नाहीत, शाळेत बायबलचं वचन सांगायचं नाही, खाऊ किंवा कपडे देताना सुवार्तेचं एक वाक्यही जोडायचं नाही. कुणी आपणहून विचारलं तर मनापासून उत्तर द्या, तेही शक्यतो स्थानिक विश्वासणाऱ्यासोबत. बाप्तिस्मा हा तिथल्या मंडळीचा विषय आहे, तुमच्या टीमचा नाही. आणि उपासनेचे फोटो, गावाचं नाव, कुणाच्या विश्वासाची हकिकत यातलं काहीही इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर नको. तुमची पोस्ट ऐरोलीत आवडते, तिची झळ तिकडे पाल्पा जिल्ह्यातल्या घराला लागते.

घरी प्रार्थना करायची तर आधी विचारा: करू का, आणि कशासाठी. दोन मिनिटं पुरतात. मोठ्यांच्या डोक्यावर हात ठेवू नका. तिथल्या मंडळ्यांमध्ये सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात. गोंधळून जाऊ नका, आपलीही मराठीत सुरू करा. बरं होण्याचं वचन देऊ नका. प्रार्थना झाली म्हणून कुणी गोळ्या थांबवणार असेल तर तुम्ही परिचारिका म्हणून तिथंच स्पष्ट सांगा की गोळ्या चालूच ठेवायच्या.

आता एक जरा अवघड विषय. तुम्ही मुंबईकडून आलात हे कळल्यावर पुष्कळ चेहरे बदलतील. काही आनंदानं. पश्चिम नेपाळातून, विशेषतः अछाम, डोटी, बझांग या जिल्ह्यांतून, पिढ्यान्पिढ्या माणसं मुंबईत राखणदारीला येतात. “माझा मुलगा तिकडेच आहे, त्याला भेटाल का?” असं कुणी म्हणालं, तर “हो, भेटते” असं म्हणू नका. त्याचा नंबर आईच्या संमतीनं लिहून घ्या, जमलं तर तिथूनच फोन लावून द्या. परत आल्यावर एक फोन नक्की करा. त्याहून जास्त काही कबूल करू नका. पण काही चेहरे पडतील, आणि त्याचं कारण टीममधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नेपाळच्या कितीतरी मुली फसवून कामाठीपुऱ्यात आणल्या गेल्या. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत पडलेल्या धाडींत शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या मोठ्या संख्येनं होत्या. त्यांना परत नेण्यात नेपाळ सरकारनं पुढाकार घेतला नाही, महिनोन्‌महिने गेल्यावर तिथल्या संस्थांनी त्यातल्या काहींना नेलं. परतलेल्यांपैकी काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संस्था काढली आणि २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा मुंबईचं नाव ऐकून एखादी गप्प झाली तर विषय बदला, खोदून विचारू नका. आणि “माझ्या मुलीला तिकडे काम मिळवून द्या, सोबत घेऊन जा” असं कुणीही, अगदी मंडळीतल्या माणसानंही म्हटलं, तरी उत्तर ‘नाही’ हेच. पाळकांना लगेच सांगा. मूल किंवा मुलगी धोक्यात आहे असं वाटलं तर नेपाळमध्ये बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी ११४५ या हेल्पलाइन आहेत. फोन स्थानिक माणसाकडून करवून घ्या.

भारताविषयी मनात काही असेल तर तेही ऐकून घ्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवर नाकेबंदी झाली. गॅस, पेट्रोल, औषधं यांची टंचाई लोकांना आठवते. तिथं वाद घालायचा नाही, बाजू मांडायची नाही. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी नेपाळात आहे हे टीममधल्या सगळ्यांना पाठ असू द्या, आणि ‘हे अगदी आपल्याच देशासारखं आहे’ हे वाक्य, कितीही प्रेमानं म्हणावंसं वाटलं, तरी टाळा.

मुलांविषयी मात्र कठोर व्हा. बालगृहाला भेट, तिथं दिवसभर खेळणं, मुलांना कडेवर घेऊन फोटो, हे कार्यक्रमातून काढून टाका. नेपाळच्या बालगृहांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाच्या आशेनं दूरच्या जिल्ह्यांतून मुलं आणली जातात आणि पाहुणे नि देणग्या येत राहिल्या की ती घरी परतत नाहीत. शिवाय जी मुलं दर महिन्याला नव्या माणसाला बिलगतात, त्यांच्यापासून ते माणूस दहाव्या दिवशी निघून जातं. गावात आईबापांसोबत राहणाऱ्या मुलांशी जरूर खेळा. एखादं लाडकं निवडून त्यालाच खाऊ, त्यालाच मोबाइल, असं करू नका.

सामानात काय न्यायचं ते थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं, आधारवर विसंबू नका. रोकड शंभराच्या नोटांत. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. प्रत्येक घरासाठी पाव किलो चिक्की पुरेशी आहे, ती टिकते आणि कुणाला उपकाराखाली दबल्यासारखं वाटत नाही. मोठी मदत द्यायची असेल ती एकदाच, मंडळीच्या नावे, तिथल्या पंचमंडळासमोर आणि पावती घेऊन. खासगीत पैसे दिले की शेजारच्या घराला दुसऱ्या दिवशी कळतं आणि पाळकांना वर्षभर त्याची भांडणं मिटवावी लागतात. आठ-दहा फोटो छापून न्या: तुमचे आईवडील, तुमचं घर, मंडळी, गच्च भरलेली लोकल, समुद्र. नेपाळला समुद्र नाही; त्या एका फोटोवर अर्धा तास गप्पा होतात, आणि आईवडिलांच्या फोटोमुळे तुम्हीही कुणाची तरी लेक आहात हे समोरच्याला दिसतं.

तुमच्या सहाशे फोटोंचाही उपयोग आहे. त्यातले चेहरे स्पष्ट असलेले पंचवीस-तीस निवडा, स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओतून चार बाय सहा आकारात छापून घ्या. वाटण्याआधी ते पाळकांच्या पत्नीसोबत बसून एकेक पाहा आणि मागं पेन्सिलीनं नाव लिहा. हे आधीच करायचं, कारण वर्षभरात कुणी वारलेलं असतं, कुणाचं घर तुटलेलं असतं, आणि तो फोटो भर सभेत देणं क्रूर ठरतं. त्या आजीचा फोटो असेल तर तिच्याविषयी इथूनच फोनवर विचारून घ्या. ती असेल तर पहिल्याच दुपारी दुभाषी घेऊन जा आणि साधं सांगा: “गेल्या वर्षी तुम्ही सांगत होता, मला कळलं नाही, आज सांगाल का?” तिला ते आठवत नसेल, किंवा आता सांगावंसं वाटत नसेल, तर आग्रह नको; चहा घ्या, बसा. ती गेली असेल तर घरच्यांना फोटो द्या. गावाकडे कितीतरी घरांत म्हाताऱ्यांचा तेवढा एकही चांगला फोटो नसतो.

जाण्याआधीचे सहा आठवडे इथंच सराव करा. ऐरोली, कोपरखैरणे, घोडबंदर रोड, कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर नेपाळी दाइ सापडतील. टीममधल्या प्रत्येकानं एकाशी ओळख करून घ्यावी: नाव, जिल्हा, घरी कोण, शेवटचं गावी कधी गेले. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, ड्युटी बदलण्याच्या वेळी, आणि वर सांगितलेले शब्द त्यांच्याकडूनच घोटून घ्यावेत. ज्याला रोज दिसणाऱ्या राखणदाराचं नाव सहा आठवड्यांत विचारता येत नाही, त्याला तानसेनला गेल्यावर अचानक ते जमेल अशी आशा ठेवू नका.

तिथं रोज रात्री पंधरा मिनिटं वही. आज कोण भेटलं, घर कुठलं, काय बोलणं झालं, आणि वेगळ्या पानावर: आज मी काय कबूल केलं. ‘फोटो पाठवते’, ‘फोन करते’, ‘पुन्हा येते’ ही तिन्ही वाक्यं प्रवासात सहज तोंडून निघतात. वहीत लिहायची वेळ आली की आपोआप कमी निघतात. शेवटच्या रात्री सगळ्यांनी ती पानं एकत्र वाचावीत आणि प्रत्येक कबुलीपुढं नाव आणि तारीख घालावी. पहिला निरोप घरी पोचल्यापासून आठ दिवसांत जायला हवा. लिहिण्यापेक्षा आवाजाचा निरोप बरा. वाचता न येणाऱ्या आमाला तिची नात तो मोबाइलवर ऐकवते. नंतर महिन्यातून एकदा पुरे, पण तो महिना चुकवू नका. तिकडून पैशाची मागणी आली तर ती तुम्ही एकटीनं हाताळू नका. दोन्हीकडच्या पाळकांना कळवा आणि उत्तर मंडळीकडून जाऊ द्या.

रविवारी आपल्या मंडळीत साक्ष द्यायला उभ्या राहाल, तेव्हा जे तुमच्याशी खासगीत बोललं गेलं ते वगळा. कुणाची हकिकत सांगायचीच असेल तर तिथूनच निघताना तिला विचारून घ्या, “हे मी आमच्या मंडळीत सांगितलं तर चालेल?” ती नाही म्हणाली तर तेवढा भाग तुमच्यापाशीच राहू द्या. साक्षीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर जाणार असेल तर नावं आणि गाव बदलून सांगा.

ख्रिस्तात तुमचे,
सल्ला सदर